मांजराला परवाना मिळाला, कोंबडीचे काय?

टॅम्पिनीसमध्ये आमच्या शेजारच्या ब्लॉकात राहणाऱ्या एका मराठी पालकांनी परवा लिफ्टची वाट पाहताना आम्हांला विचारले, "टीचर, मांजराला सरकारने परवाना दिला. मग कोंबडीने कुणाचे घोडे मारले आहे?" प्रश्न थट्टेचा होता आणि आम्हीही हसलो. पण घरी येऊन चहा घेताना तो प्रश्न पुन्हा मनात आला. त्याचे उत्तर आम्हांला वाटले तितके सोपे निघाले नाही, म्हणून या आठवड्याचे पान त्यालाच द्यावे असे ठरविले.

मांजराची गोष्ट वाचकांना ठाऊक आहेच, तरी उजळणी करू. एचडीबीच्या फ्लॅटमध्ये मांजर पाळण्यास १९८९ पासून बंदी होती. पकडले गेल्यास दंड ४,००० डॉलरपर्यंत होऊ शकत असे. तरीही कोणत्या ब्लॉकात मांजर नव्हते? जिन्यात भेटणारी, दाराच्या जाळीमागून बघणारी मांजरे सगळ्यांनी पाहिली होती. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, तसाच तो प्रकार होता. शेवटी २०१२ मध्ये चोंग पांग भागात, काही अटी घालून, मांजर पाळण्याचा एक प्रयोग सुरू झाला. मग लोकांची मते विचारली गेली, आणि १ सप्टेंबर २०२४ पासून फ्लॅटमध्ये दोन मांजरे ठेवण्याची मुभा मिळाली. मांजराच्या अंगात मायक्रोचिप हवी, परवाना हवा, नव्या मालकाने एक लहानसा अभ्यासक्रम पुरा केलेला हवा, आणि खिडक्यांना जाळी हवी. जुन्या मालकांना सावरून घेण्यासाठी ३१ ऑगस्ट २०२६ पर्यंतची मुदत ठेवण्यात आली. पस्तीस वर्षे जे झाकून चालले होते ते उघड झाले आणि त्याच्याबरोबर जबाबदारीही आली. आमच्या मते हा अलीकडच्या वर्षांतला एक शहाणपणाचा कायदेबदल आहे.

आता कोंबडी. आपल्याकडे कोंबडी पाळण्यास सरसकट बंदी आहे, असा बहुतेकांचा समज आहे. तो पुरता खरा नाही. एचडीबीच्या फ्लॅटमध्ये कोंबडी, बदक, लावा यांपैकी काहीही पाळता येत नाही. पण ज्यांचे घर जमिनीवरचे व खासगी आहे त्यांना विक्रीसाठी नव्हे तर हौसेसाठी दहापर्यंत पक्षी ठेवता येतात. अट इतकीच की पिंजरा किंवा खुराडे छप्पर व जाळी घालून असे बंद केलेले हवे की बाहेरचा रानपक्षी आत येऊ नये. म्हणजे कायद्याने कोंबडीला शहराबाहेर काढलेले नाही. तिला फ्लॅटबाहेर काढले आहे. सिमेईच्या बाजूला जमिनीवरच्या घरांच्या काही ओळी आहेत. तिथल्या एखाद्या घरमालकाने उद्या चार कोंबड्या आणल्या, तर नियम पाळून त्या राहू शकतील. तेथून दहा मिनिटे चालत आले की आमचा ब्लॉक, आणि येथे एकही नाही. या देशातील चारपैकी तीनहून अधिक रहिवासी एचडीबीत राहतात. तेव्हा व्यवहारात ही मुभा मूठभरांची आहे.

यात लगेच अन्याय पाहण्याचे कारण नाही. बाराव्या मजल्यावर स्वयंपाकघराच्या मागच्या गॅलरीत कोंबडी ठेवणे हे कोंबडीवरच अन्याय करणारे आहे. तिला उकरायला माती लागते, धूळ अंगावर घ्यायला कोरडी जागा लागते. फरशीवर ती जगेल, पण ते कोंबडीचे जगणे नव्हे. फ्लॅटमध्ये कोंबडी नको, या नियमाशी आमचे भांडण नाही. प्रश्न पुढचा आहे. ज्यांना परस नाही त्यांना कोंबडीशी काहीच संबंध नको, हे त्यातून आपोआप निघते काय?

येथे थोडे घरचे सांगतो. आमची आई लग्नानंतर टॅम्पिनीस रस्त्याच्या कडेच्या कम्पाँगमध्ये राहत होती. आज जेथे दुकानांची झगमग व एमआरटीचे स्टेशन आहे त्या भागात तेव्हा रबराचे मळे, भाजीचे वाफे आणि वाळूच्या खाणी होत्या. टॅम्पिनीस हे नावच मुळी तेंपिनिस नावाच्या कठीण लाकडाच्या झाडावरून आलेले. घराला पत्र्याचे छप्पर, मागे केळी, आणि केळींच्या सावलीत आईचे खुराडे. शेजारी मलय आणि चिनी कुटुंबे. आई सांगते की कोंबड्या कुणाच्या हे ओळखण्यासाठी तिने आपल्या कोंबड्यांच्या पायांना लाल चिंधी बांधली होती, कारण संध्याकाळी तिन्ही घरच्या एकत्र होत. एखादी खुडूक झाली की तिच्याखाली शेजारणीची अंडी ठेवायची आणि पिले झाली की वाटून घ्यायची, असा हिशेब चाले.

पुढे नवे नगर उभे राहिले व आमच्या घरच्यांना फ्लॅट मिळाला. नळ, वीज, स्वच्छ संडास, पावसात न गळणारे छत. आईने त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, आणि आम्ही लहानाचे मोठे त्या फ्लॅटमध्येच झालो. टॅम्पिनीसला १९९२ मध्ये जागतिक वसाहत पुरस्कार मिळाला तो फुकट मिळाला नव्हता. पण सामान हलविण्याच्या आदल्या आठवड्यात सहा कोंबड्यांचे काय करायचे, हा प्रश्न होता. दोन शेजाऱ्यांना दिल्या, पण ते शेजारीही पुढच्या महिन्यात हलणारच होते. तीन कापल्या. सहावी खुडूक होती, अंड्यांवर बसलेली. तिचे काय झाले हे आई आजही नीट सांगत नाही. विषय बदलते.

आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी पन्नास वर्षांपूर्वी कम्पाँगमधले दिवस होते, त्यांच्याकडे अशाच आठवणी असतील. आपल्यापैकी काही घरांत अंडे चालत नाही हे आम्हांला ठाऊक आहे. त्यांनीही हा लेख पुढे वाचावा, कारण प्रश्न ताटातल्या अंड्याचा फारसा नाही.

तो शाळेचाही आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गात अंडी उबविण्याचे यंत्र आणले होते. अशी यंत्रे शाळांना थोड्या दिवसांसाठी भाड्याने मिळतात. एकवीस दिवस मुले रोज सकाळी येऊन तापमान वहीत लिहीत. बारा अंड्यांपैकी सात फुटली. पहिले पिलू कवचातून बाहेर येताना चाळीस मुले ज्या शांततेत उभी राहिली तशी शांतता आम्ही परीक्षेतही पाहिलेली नाही. दहा दिवसांनी पिले परत नेण्यासाठी गाडी आली. एका मुलीने विचारले, "टीचर, त्यांना कुठे नेतात? आपण बघायला जायचे का?" आम्ही काहीतरी गोलमाल उत्तर दिले. वर्गात खाजगी घराचे मूल एकच होते, व त्याच्या आईने आधीच नकार कळवला होता. शिक्षक-प्रशिक्षणात आम्हांला शिकविले होते की सुरू केलेला प्रयोग मुलांसमोर पुरा करावा. हा प्रयोग अर्ध्यावर संपला, आणि तो तसाच संपणार हे आम्हांला पहिल्या दिवसापासून माहीत होते. ही गोष्ट आम्हांला अजून टोचते.

जगात इतरत्र या प्रश्नाला अलीकडे ऊत आला आहे. अमेरिकेत बर्ड फ्लूने कोट्यवधी अंडी देणाऱ्या कोंबड्या गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये एक डझन अंड्यांची सरासरी किंमत ६ डॉलर २३ सेंटवर गेली. लगेच गावोगावच्या नगरपालिकांपुढे परसातल्या कोंबड्यांना परवानगी देण्याचे अर्ज येऊ लागले. तसे पाहता काही मोठ्या शहरांत ती आधीच आहे. न्यूयॉर्क शहरात कोंबडी पाळता येते, कोंबडा नाही. बहुतेक शहरांच्या नियमांचा गाभा हाच असतो: माद्या चालतील, नर नको, संख्या मर्यादित, खुराडे शेजाऱ्याच्या भिंतीपासून दूर. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी देतेच, हे येथील आमच्या कित्येक सुशिक्षित मित्रांना ठाऊक नसते, म्हणून मुद्दाम लिहिले.

कोंबड्याच्या आवाजाचा खटला फ्रान्समध्ये तर कोर्टात गेला. ऑलेरों नावाच्या बेटावर मोरिस नावाचा कोंबडा पहाटे आरवत असे, आणि सुटीसाठी तेथे येणाऱ्या शेजाऱ्यांनी त्याच्यावर दावा लावला. सप्टेंबर २०१९ मध्ये कोर्टाने मोरिसच्या बाजूने निकाल दिला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये तेथील संसदेने खेड्यातले आवाज व वास हाही गावाचा वारसा आहे असा कायदाच केला. वाचताना मौज वाटते. परंतु ऑलेरोंमध्ये शेजाऱ्याचे घर कुंपणापलीकडे असते. आपल्याकडे ते भिंतीपलीकडे, डोक्यावर आणि पायाखाली असते. तेव्हा मोरिसचा न्याय टॅम्पिनीसला लागू करता येणार नाही. येथे कोंबडा नकोच.

परसातल्या कोंबड्यांच्या बाजूने सर्वांत जोरात मांडला जातो तो मुद्दा अन्नसुरक्षेचा. हा मुद्दा आपल्या बेटावर लोकांना पटकन पटतो, कारण २०२२ ची आठवण ताजी आहे. त्या वर्षी १ जूनपासून मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबविली. आदल्या वर्षी आपल्याकडील कोंबडीपैकी ३४ टक्के मलेशियातून आली होती, आणि ती बहुतेक जिवंत येऊन येथे कापली जात असे. चिकन-राइसच्या टपऱ्यांवर लोकांची तोंडे उतरली. गावठी व काळ्या कोंबड्यांवरची बंदी दोन आठवड्यांत उठली, पण नेहमीच्या ब्रॉयलरसाठी ११ ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. अशा वेळी "आपापल्या कोंबड्या असत्या तर" हे वाक्य ऐकू येणे साहजिक आहे.

म्हणून एक साधा हिशेब करून पाहू. या देशात वर्षाला सुमारे दोनशे कोटी अंडी खपतात. त्यांपैकी साधारण एक तृतीयांश येथील मोजक्या मोठ्या अंडी-फार्मांतून येतात, बाकी बाहेरून. चांगली कोंबडी वर्षाला अडीचशे अंडी देते असे धरू. दोनशे कोटींपैकी केवळ एक टक्का, म्हणजे दोन कोटी अंडी परसातून मिळवायची तर ऐंशी हजार कोंबड्या हव्यात. दहा-दहांच्या खुराड्यांत ठेवल्या तर आठ हजार खुराडी. एवढे करून एक टक्का! शिवाय या कोंबड्यांचे खाद्य पुन्हा बाहेरूनच येणार. सरकारनेही २०३० पर्यंत तीस टक्के अन्न येथेच पिकविण्याचे आपले उद्दिष्ट नोव्हेंबर २०२५ मध्ये बाजूला ठेवले व २०३५ साठी निराळी उद्दिष्टे घेतली. तंत्रज्ञान आणि भांडवल ओतूनही शेती येथे किती कठीण आहे हे त्यातून दिसते. तेव्हा पोटासाठी कोंबडी, हा युक्तिवाद सोडून दिलेला बरा. तो मांडणारे लोक भले असतात, पण पहिल्याच बैठकीत कोणीतरी पाटीवर हा हिशेब मांडतो आणि सगळा विषय हसण्यावारी जातो.

आता रोगाकडे येऊ, कारण खरे वजन तेथे आहे. हाँगकाँगमध्ये १९९७ मध्ये एच५एन१ जातीचा बर्ड फ्लू प्रथमच कोंबड्यांतून माणसांत गेला. अठरा जण आजारी पडले, सहा दगावले, आणि वर्षअखेरीस तेथल्या तेरा लाखांहून अधिक कोंबड्या मारण्यात आल्या. आपल्यासारखेच दाट वस्तीचे ते शहर. त्याने फेब्रुवारी २००६ मध्ये परसात कोंबडी, बदक, हंस, कबूतर व लावा पाळण्यास कायद्याने बंदी केली. अमेरिकेतील शहरे एका दिशेने जात असताना हाँगकाँग उलट दिशेने गेले, आणि त्याला कारण होते.

त्याच फेब्रुवारी २००६ मध्ये हा रोग भारतात प्रथम सापडला तो आपल्या महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला. नवापूर हे पोल्ट्रीचे गाव. तेथे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात जळगाव जिल्ह्यातील काही खेड्यांत रोग निघाला, आणि तो फार्मात नव्हता, तर घरोघरच्या परसातल्या कोंबड्यांत होता. फार्मात एक मालक असतो, एक दार असते. परसातल्या कोंबड्या गोळा करायला सरकारी माणसांना घराघरांत जावे लागते, खाटेखाली बघावे लागते. ज्या बाईची कोंबडी हीच तिची शिल्लक, ती बाई कोंबडी लपविणार नाही तर काय करणार? नवापुरात २०२१ मध्ये पुन्हा हाच प्रसंग आला, आणि त्याच जानेवारीत परभणी जिल्ह्यातील मुरुंब्याला शेकडो कोंबड्या मरून पडल्या.

आपल्या जवळचेही पाहा. कंबोडियात फेब्रुवारी २०२३ मध्ये प्रेय वेंग प्रांतातली अकरा वर्षांची एक मुलगी एच५एन१ने गेली. ते आमच्या वर्गातल्या मुलींचे वय. अमेरिकेत या रोगाचा पहिला बळी जानेवारी २०२५ मध्ये लुइझियाना राज्यात गेला. त्या वृद्ध व्यक्तीच्या परसात कोंबड्या होत्या व तेथे रानपक्षीही येत. आपले बेट स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या वाटेवर आहे. सुंगेई बुलोहला दरवर्षी सायबेरियापासून पक्षी येतात आणि आपण मुलांना ते दाखवायला नेतो. म्हणून जाळी व छपराची अट ही बाबूगिरी नव्हे. कोणी "आमच्या लहानपणी कोंबड्या अंगणात मोकळ्या फिरत, आम्हांला काय झाले?" असे विचारले, तर त्यांना सांगावे की तुमच्या लहानपणी हा विषाणू असा फिरत नव्हता.

येथवर वाचून वाचकांना वाटेल की आमचे मत बंदीच्या बाजूचे आहे. आम्हांलाही लिहिता लिहिता तसे वाटू लागले होते. परंतु एक गोष्ट विसरता येत नाही. कोंबड्या आपल्या शहरात नाहीतच, असे मुळी नाही. टॅम्पिनीसहून बसने थोडे गेले की पासिर रिस पार्क. तेथे कोंबडे-कोंबड्या मोकळ्या फिरतात, लोक मुलांना घेऊन त्या बघायला जातात, आणि पहाटेच्या आरवण्याबद्दल जवळचे रहिवासी तक्रारीही करतात. पुलाऊ उबिनवर तर मूळचा रानकोंबडा आहे. जगातल्या साऱ्या पाळीव कोंबड्यांचा तो पूर्वज, आणि सिंगापूर हे त्याच्या नैसर्गिक घरांपैकी एक. गावकोंबड्यांशी संकर होऊन त्याची जात भेसळ होत आहे, ही निसर्गप्रेमींची चिंताही खरी आहे.

या मोकाट कोंबड्यांच्या बाबतीत २०१७ च्या आरंभी काय झाले ते पुष्कळांना आठवत असेल. सिन मिंग भागातल्या चोवीस कोंबड्या तेव्हाच्या पशु व अन्न खात्याने पकडून मारल्या. प्रथम कारण सांगण्यात आले ते आवाजाच्या तक्रारींचे. मग बर्ड फ्लूच्या धोक्याचे. लोक खवळले, वर्तमानपत्रांत पत्रे आली, संसदेत प्रश्न विचारले गेले. आमच्या मते लोकांना राग आला तो कोंबड्या मारल्या म्हणून जितका, तितकाच कारण बदलले म्हणून. रोगाचा धोका हे कारण पहिल्या दिवशी नीट समजावून सांगितले असते तर निम्मा राग आला नसता. ते खाते २०१९ मध्ये मोडले, प्राण्यांचे काम नॅशनल पार्क्स बोर्डाकडे गेले, आणि हल्ली पकडून मारण्याआधी खाणे घालणे थांबविणे, झाडीत बदल करणे असे उपाय बोलले जातात. ठीक आहे.

पण यातून निघते ते असे. ज्या कोंबडीला मालक नाही, जाळी नाही, जिची नोंद नाही, ती आपल्या शहरात आहे. ज्या कोंबडीला मालक, जाळी आणि नोंद असू शकेल, ती चारपैकी तीन घरांना मना आहे. रोगाच्या दृष्टीने पाहिले तर हे उलटे नाही काय? मांजराच्या बाबतीतही अडचण हीच होती. इंग्लंड व वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०२४ पासून परसात एकच कोंबडी असली तरी तिची सरकारी नोंद करावी लागते. बंदी नाही, नोंद. रोग आला की कोणाचे दार ठोठवायचे हे त्यामुळे कळते.

तथापि मांजर आणि कोंबडी यांत फरक आहे, तो लपवून चालणार नाही. मांजर लोक आधीपासूनच घरात पाळत होते. कायदा वस्तुस्थितीच्या मागून आला. फ्लॅटमध्ये लपून कोंबडी पाळणारे जवळजवळ कोणी नाही. म्हणजे कोंबडीच्या बाबतीत कायदा वस्तुस्थितीच्या पुढे जाईल, आणि तसे करताना दुप्पट जपून चालावे लागते.

म्हणून आमची सूचना लहान आहे. फ्लॅटचा नियम आहे तसा राहू द्यावा. पण ब्लॉकांच्या मधल्या सामुदायिक बागांपैकी एका बागेत, एकाच, चोंग पांगच्या मांजरांसारखा प्रयोग करून पाहावा. या बागा २००५ पासून पार्क्स बोर्डाच्या योजनेखाली वाढल्या आहेत; टॅम्पिनीसमध्ये त्या जागोजागी आहेत, हबच्या गच्चीवरसुद्धा. मिरच्या, कढीपत्ता, पांदान, पपई लावणारे आजी-आजोबा तेथे रोज सकाळी भेटतात, त्यांना वेळापत्रक पाळण्याची सवय आहे. अशा एका बागेत सहा माद्या, कोंबडा नाही. खासगी घरांना लागू असलेलीच अट, छप्पर व जाळी, येथेही. खाद्य पत्र्याच्या बंद डब्यात, कारण उंदीर हा आपल्या वस्तीचा जुना शत्रू आहे आणि सांडलेल्या दाण्याचा वास त्याला कोसावरून येतो. जबाबदार अशी पाच कुटुंबे नावानिशी नोंदलेली, त्यांनी मांजराच्या मालकांसारखा अभ्यासक्रम केलेला. मुलांनी खुराड्यात हात घातला की साबणाने हात धुणे सक्तीचे, कारण कोंबडीपासून होणारा साल्मोनेला पोटाचा रोग आहे आणि तो निरोगी दिसणाऱ्या कोंबडीपासूनही होतो. आसपासच्या देशांत बर्ड फ्लूची सूचना आली की कोणालाही आत सोडायचे नाही. वर्षभरानंतर आजूबाजूच्या ब्लॉकांना विचारावे. त्यांनी नको म्हटले तर बंद करावे.

दहा कोंबड्या खासगी घराच्या मागे सुरक्षित असतील, तर सहा कोंबड्या त्याच जाळीत बागेमध्ये असुरक्षित का, याचे उत्तर आम्हांला सापडले नाही. एकच कच्चा दुवा दिसतो. घरमालकाची कोंबडी आजारी पडली तर तोंड त्यालाच द्यावे लागते. पाच जणांची कोंबडी म्हणजे कुणाचीच नाही, असे होऊ शकते. सार्वजनिक कामाला सुरुवातीला वीस हात आणि चिनी नववर्षाच्या सुट्टीत एकही नाही, हा अनुभव आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांतही कोणाला नाही? या शंकेला उत्तर कायद्यात नाही, माणसांत आहे.

आणखी एक प्रश्न आहे, तो परसातल्या कोंबड्यांचे पुरस्कर्ते सहसा टाळतात. कोंबडी दोन-तीन वर्षे भरपूर अंडी देते, नंतर कमी, मग जवळजवळ नाही. जगते मात्र सात-आठ वर्षेही. आपल्या गावी त्या कोंबडीचे काय होई हे सगळ्यांना माहीत आहे. सण आला की हिशेब पुरा होई. बागेतल्या सहा कोंबड्यांना नावे मुलांनी ठेवलेली असणार. तिसऱ्या वर्षी त्यांचे काय करायचे? आम्हांला वाटते की त्या तेथेच म्हाताऱ्या होऊ द्याव्यात, आणि नव्या आणू नयेत. अंडी बंद होतील, खर्च चालू राहील, आणि तो खर्च शिक्षणाचा म्हणून मांडावा. यंत्रातली पिले दहा दिवसांत गाडीत जाताना पाहणाऱ्या मुलांना, एखादा प्राणी उपयोग संपल्यावरही सांभाळायचा असतो, हे पाहायला मिळेल. वर्षाला काही पोती खाद्य लागेल. त्याहून महाग वस्तू आपल्या शाळा घेत असतात.

हा लेख लिहून झाल्यावर आईला वाचून दाखविला. तिचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. सिन मिंगच्या भागाशी ती "हं" म्हणाली, हिशेबाच्या भागात तिला डुलकी लागली. प्रयोगाचा भाग आला तेव्हा जागी होऊन तिने विचारले, "सहाच? आणि संध्याकाळी खुराड्याचं दार लावायला कोण जाणार? अंधार पडायच्या आत लावावं लागतं." आम्ही म्हणालो, जाळीच्या आत कोल्हा येत नाही. ती म्हणाली, "कोल्हा नाही, पण साप? अजगर येतोच की आपल्या नाल्यातून." हे खरे आहे. अजगराचा विचार आमच्या यादीत नव्हता. जाळी बारीक हवी, आणि तळालाही हवी, ही अट तिच्या नावाने वर घालावी.

रहिवाशांच्या समितीला द्यायचे एक पत्र आम्ही तयार करीत आहोत. ते देण्यापूर्वी वाचकांनी, आणि विशेषतः ज्यांच्या घरी पूर्वी कम्पाँगमध्ये कोंबड्या होत्या त्यांनी, आपले म्हणणे या पानाकडे लिहून पाठवावे. "नको" असे म्हणणारी पत्रेही आम्ही छापू. बागेजवळच्या ब्लॉकात खालच्या मजल्यावर राहणाऱ्यांचे मत आम्हांला सर्वांत आधी वाचायचे आहे.